ऑगस्टमध्ये मशीन सुरू, पण पडदा कोरा: जुन्या औद्योगिक बोर्डाचं डिस्प्ले सेटिंग दर वर्षी का उडतं

मासेमारीबंदी उठली, बर्फाचे कारखाने आणि शीतगृहं पुन्हा सुरू झाली की आमच्या किनाऱ्यावर एक तक्रार हमखास येते. पॅनेलमधला, म्हणजे विजेच्या नियंत्रण-पेटीतला, जुना संगणक चालू होतो, पंखा फिरतो, हिरवा दिवा लागतो, पण पडद्यावर काहीच नाही. "भाऊ, पंखो फिरता, लाईट लागता, पण पडद्यार कायच दिसणा नाय," असा फोन मालवणकडून येतो, तसाच हर्णेहून, रत्नागिरीहून, वेंगुर्ल्याहून येतो. कुणीतरी जाऊन बायोसमध्ये (मशीन सुरू करणारा बोर्डातला मूळ प्रोग्राम) डिस्प्लेचं सेटिंग पुन्हा लावून देतं, बोर्डावरचा नाण्यासारखा सेल नवा टाकतं, मशीन वर्षभर नीट चालतं. पुढच्या ऑगस्टमध्ये पुन्हा तेच.

पडदा परत कसा आणायचा हे आधी सांगतो, कारण तुमच्याकडे मशीन बंद असेल तर तीच घाई असणार. पण त्याच्या पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. सेटिंग लावणं अर्ध्या तासाचं काम आहे. ते टिकवण्यासाठी सेलच्या घरट्याखाली बसलेलं मीठ काढावं लागतं, आणि तिथपर्यंत फार थोडे लोक पोचतात.

इथे मी ज्या बोर्डांबद्दल (मदरबोर्ड) बोलतोय ते साधारण २००३ ते २०१२ या काळातले आहेत. इंटेलच्या ८५२, ८५५, ९१५, ९४५ चिपसेटचे, नंतरचे अ‍ॅटम एन२७० आणि डी५२५ चे, काही एएमडी जिओडचे. कॉम्प्रेसरचे दाब, ब्राइनचं (बर्फ गोठवणाऱ्या खाऱ्या पाण्याचं) तापमान, शीतगृहातल्या खोल्यांची नोंद असली कामं ते आजही करतात. पडदा पॅनेलच्या दारात बसवलेला असतो आणि तो एलव्हीडीएस केबलने (चित्राचा सिग्नल नेणारी आतली केबल) थेट बोर्डाला जोडलेला असतो. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, सगळा घोळ तिथूनच निघतो.

टेबलावरचा साधा मॉनिटर व्हीजीए केबलने जोडला की तो केबलमधल्याच दोन तारांवरून बोर्डाला आपली ओळख सांगतो: मी अमुक, माझं रिझोल्यूशन अमुक. दारातल्या एलव्हीडीएस पॅनलला (पॅनल म्हणजे पडदा, पॅनेल म्हणजे ती पेटी) बहुतेक जुन्या जोडणीत ही ओळख सांगायची तारच नसते. त्यामुळे समोर कोणतं पॅनल आहे हे बोर्डाला कळायला मार्ग नाही. बसवणाऱ्याने ते बायोसमध्ये हाताने लिहून ठेवलेलं असतं. सेल संपला, सीमॉसमधली, म्हणजे सेलवर टिकणाऱ्या सेटिंगच्या मेमरीतली, माहिती गेली, की बोर्ड कारखान्यातून आला तेव्हाच्या मूळ सेटिंगवर जातो. ते मूळ सेटिंग बहुधा "ऑटो" किंवा "सीआरटी" (मागचा व्हीजीए मॉनिटर) असतं आणि पॅनलचा प्रकार यादीतला पहिला. तुमचं पॅनल त्यात बसलं तर नशीब.

पडदा काय दाखवतो ते आधी नीट बघा

हे दोन मिनिटांचं काम आहे आणि त्यावर पुढचं सगळं ठरतं, म्हणून घाई करू नका.

पडदा लख्ख पांढरा असेल तर मागचा प्रकाश लागतोय, पण पॅनलला चित्राचा सिग्नल पोचत नाही. या काळातली बहुतेक टीएन पॅनलं सिग्नल नसताना पांढरीच दिसतात. अशा वेळी बायोसचं सेटिंग उडालेलं असण्याची शक्यता मोठी. पडदा काळा असेल तर बॅटरीचा दिवा तिरपा धरून जवळून बघा. अंधुक चित्र दिसलं, तर सेटिंग शाबूत आहे आणि मागचा प्रकाश किंवा त्याला वीज देणारा छोटा इन्व्हर्टर गेलाय. ट्यूबचा प्रकाश असलेल्या जुन्या पॅनलमधल्या इन्व्हर्टरला काहीशे व्होल्ट असतात, सुरू होताना त्याहून जास्त, तेव्हा चालू मशीनमध्ये तिथे बोट घालू नका. चित्र येतंय पण दुहेरी, फाटलेलं, किंवा रंगांचे पट्टे पडलेलं असेल, तर पॅनलचा प्रकार चुकीचा निवडला गेलाय. आणि बायोसचा लोगो नीट दिसून विंडोज सुरू होताना चित्र जात असेल, तर बायोसला हात लावू नका, तो ग्राफिक्स ड्रायव्हरचा विषय आहे.

बीपही ऐका. या बोर्डांचा बायोस बहुधा अवॉर्ड किंवा एएमआय या कंपनीचा असतो. अवॉर्ड बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड म्हणजे व्हिडिओची अडचण. एएमआयमध्ये आठ आखूड म्हणजे डिस्प्लेच्या मेमरीची. या बोर्डांवर चित्रासाठी वेगळी मेमरी नसते, मुख्य रॅममधलाच तुकडा वापरतात. म्हणून असे बीप आले तर सेटिंगच्या आधी रॅम काढा, तिची सोनेरी कड पुसा, परत बसवा. किनाऱ्यावर एवढ्याने उठलेली मशीनं बरीच आहेत.

बायोसमध्ये शिरणं

मशीन बंद करा, मागच्या व्हीजीए पोर्टला कोणताही साधा मॉनिटर लावा आणि मगच चालू करा. चालू मशीनला मॉनिटर लावून उपयोग नसतो, कारण कुठे चित्र पाठवायचं हे बोर्ड सुरुवातीलाच ठरवतो. कीबोर्ड शक्यतो जुन्या गोल पिनेचा, पीएस-टू घ्या. मूळ सेटिंगमध्ये यूएसबी कीबोर्डचा आधार बंद असलेले बोर्ड भरपूर आहेत. तिथे यूएसबी कीबोर्डवर डिलीट कितीही दाबलं तरी आत शिरता येत नाही आणि माणूस बोर्डच गेला असं समजून बसतो.

मॉनिटरवरही चित्र नसेल, तर अंधारातच मूळ सेटिंग भरता येतं. चालू करताच डिलीट दाबत राहा, काही सेकंद थांबा, मग एएमआयमध्ये एफ ९ आणि एंटर, अवॉर्डमध्ये एफ ७ आणि एंटर किंवा वाय. त्यानंतर एफ १० आणि पुन्हा एंटर किंवा वाय. तेही नाही जमलं तर क्लिअर सीमॉसचा जंपर (बोर्डावरच्या पिनांवर बसवायची छोटी टोपी). वीज पूर्ण काढा, नुसतं बटण बंद करू नका. जंपरच्या पिना कोणत्या हे त्या बोर्डाच्या पुस्तिकेत बघूनच करा. बहुतेक ठिकाणी १-२ म्हणजे नेहमीची जागा आणि २-३ म्हणजे पुसणं असतं, पण उलट असलेले बोर्डही आहेत. आणि अगदी शेजारी पॅनलच्या व्होल्टेजचा जंपर असू शकतो, त्याबद्दल पुढे सांगतो.

कोणतं सेटिंग कुठे

अवॉर्डमध्ये "अ‍ॅडव्हान्स्ड चिपसेट फीचर्स" या पानावर जा. एएमआयमध्ये "चिपसेट", त्यात "नॉर्थ ब्रिज", त्यात व्हिडिओचं पान. बोर्डागणिक नावं थोडी बदलतात, पण शोधायच्या गोष्टी त्याच आहेत. "बूट डिस्प्ले" किंवा "बूट टाइप" म्हणजे सुरू होताना चित्र कुठे पाठवायचं. "पॅनल टाइप" म्हणजे पॅनलचं रिझोल्यूशन आणि रंगांचे बिट. "पॅनल स्केलिंग" म्हणजे लहान चित्र ताणून पूर्ण पडदा भरायचा का. आणि "इनिट डिस्प्ले फर्स्ट", जिथे बोर्डावरचंच ग्राफिक्स निवडलेलं हवं, पीसीआय स्लॉट नको.

बूट डिस्प्लेमध्ये "सीआरटी + एलव्हीडीएस" असा पर्याय असेल तर मी तोच लावतो. पुढच्या वेळी दारातलं पॅनल काही कारणाने बंद पडलं तरी मागे मॉनिटर लावून आत शिरता येतं. "ऑटो" ठेवू नका. ऑटोमध्ये मागे मॉनिटरची केबल दिसली की काही बोर्ड सगळं चित्र तिकडे वळवतात आणि दारातलं पॅनल कोरं राहतं. सेटिंग करताना मॉनिटर लावलेलाच असतो, त्यामुळे सगळं बरोबर लावूनही पॅनल कोरं दिसतं आणि शंका यायला लागते. सेटिंग जतन करा, वीज काढा, मॉनिटर सोडवा, मग चालू करून बघा.

पॅनल टाइप अंदाजाने लावू नका. दार उघडा, पॅनलच्या पाठीवरचं लेबल वाचा आणि त्या मॉडेलची माहिती शोधा. चार गोष्टी हव्यात: रिझोल्यूशन, १८ बिट की २४ बिट, सिग्नलच्या तारांचा एक संच (चॅनल) की दोन, आणि व्होल्टेज. १०.४ इंची पॅनल साधारण ८०० बाय ६०० असतं, १५ इंची १०२४ बाय ७६८, आणि १७ इंची १२८० बाय १०२४. शेवटच्याला बहुधा दोन चॅनल लागतात. एक चॅनलचं सेटिंग दोन चॅनलच्या पॅनलला दिलं की चित्र उभं फाटल्यासारखं येतं.

१८ आणि २४ बिटचा फरकही डोळ्यांना दिसतो. १८ बिटला सिग्नलच्या तीन जोड्या आणि क्लॉक सिग्नलची एक जोडी लागते, २४ बिटला सिग्नलची चौथी जोडी वाढते. या चौथ्या जोडीवर काय पाठवायचं याच्या दोन पद्धती आहेत. व्हेसा पद्धतीत प्रत्येक रंगाचे सर्वांत वजनदार दोन बिट तिथे जातात, जेईडा पद्धतीत सर्वांत हलके दोन. पद्धत चुकली की अक्षरं वाचता येतात पण रंग विचित्र होतात आणि चढत्या छटांच्या जागी पट्टे दिसतात. ऑपरेटर म्हणतो, पॅनल खराब झालं. नवं पॅनल मागवायच्या आधी बायोसमधला पुढचा पर्याय लावून बघा.

आता तो जंपर. पॅनलला ३.३ व्होल्ट द्यायचे की ५, हे बोर्डावरच्या जंपरने ठरतं, बायोसने नाही. सेल संपल्याने तो बदलत नाही, म्हणून या तक्रारीत त्याला हात लावायचं कारणच नाही. मात्र बोर्ड बदलणार असाल, मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून किंवा कुठूनही त्याच मॉडेलचा जुना बोर्ड आणला असेल, तर पॅनलची केबल लावायच्या आधी हा जंपर तपासा. ३.३ व्होल्टच्या पॅनलला ५ व्होल्ट दिले तर पॅनल जळू शकतं, आणि त्या वयाचं पॅनल शोधणं बोर्ड शोधण्याहून अवघड आहे.

इथपर्यंत केलंत की पडदा येतो. बहुतेक दुरुस्त्या इथेच थांबतात.

मग दर वर्षी का उडतं?

सेलचा हिशेब करून बघू. सीआर२०३२ या सेलची क्षमता साधारण २२० ते २२५ मिलिअँपिअर-तास असते. मशीन बंद असताना घड्याळ आणि सीमॉस मिळून सुमारे ५ मायक्रोअँपिअर खातात. म्हणजे ४५,००० तास, पाच वर्षं. मासेमारीबंदीत, १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस मशीन पूर्ण बंद राहिलं, तरी नव्या सेलमधले सात-आठ मिलिअँपिअर-तासच जायला हवेत. बंदीमुळे सेल संपतो, हे जे सर्रास सांगितलं जातं ते या हिशेबात बसत नाही. दर वर्षी नवा सेल टाकून दर वर्षी तो संपत असेल, तर कुठेतरी गळती आहे.

ही गळती बहुतेक वेळा सेलच्या घरट्यातच असते. किनाऱ्यावरच्या हवेत मिठाचे बारीक कण असतात. पंखा ते वर्षभर आत ओढतो आणि ते बोर्डावर बसत राहतात: घरट्याखाली, क्लिअर सीमॉसच्या पिनांमध्ये, डायोडच्या पायांभोवती. कोरडं मीठ वीज वाहत नाही. पण हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतः त्यात विरघळतं. स्वयंपाकघरातलं मीठ जुलैत बरणीत पाझरतं ते याचमुळे. बोर्डावर तसंच होतं आणि सेलच्या धन आणि ऋण टोकांमध्ये खाऱ्या पाण्याचा पातळ थर तयार होतो. त्या थराचा रोध ३० किलोओहम धरला तर ३ व्होल्टला १०० मायक्रोअँपिअर वाहतात. घड्याळ खातं त्याच्या वीसपट. या वेगाने ६१ दिवसांत १४६ मिलिअँपिअर-तास जातात, नव्या सेलचा दोन तृतीयांश भाग. म्हणून असा सेल पहिला पावसाळा कसाबसा काढतो आणि दुसऱ्यात जातो. गळती थोडी जास्त असेल तर पहिल्यातच.

बर्फाच्या कारखान्यात आणखी एक गोष्ट आहे. लाद्या गोठवायच्या टाकीतलं ब्राइन कुठे साध्या मिठाचं असतं, कुठे कॅल्शियम क्लोराइडचं. कॅल्शियम क्लोराइड साधारण ३० टक्के आर्द्रतेलाच पाणी ओढायला लागतं. आपल्याकडे एवढी कोरडी हवा वर्षात क्वचितच येते. ब्राइनच्या हाताने कुणी पॅनेल उघडलं, किंवा टाकीजवळच्या पॅनेलमध्ये शिंतोडे गेले, तर तो डाग डिसेंबरातही ओलाच राहतो.

मशीन चालू असताना ही गळती इतकी त्रास का देत नाही, याचंही सरळ उत्तर आहे. चालू बोर्ड गरम असतो. बाहेरची २८ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा पेटीत ४० अंशांपर्यंत तापली, तर तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे ४६ टक्क्यांवर येते. मीठ कोरडं राहतं. मशीन बंद केलं, पेटी गार झाली, की तेच मीठ ओलं होतं. आपण मशीन नेमकं जून-जुलैत बंद ठेवतो, म्हणजे जेव्हा ते गरम राहायला हवं तेव्हाच. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळानंतर आणि २०२१ च्या मे महिन्यात तौक्तेनंतर किनाऱ्यावर बऱ्याच गावांत वीज दिवसचे दिवस नव्हती. अशा बंद काळानंतर जे बोर्ड सेटिंग विसरून उठतात, त्यांच्यातही हाच दोष आधी शोधावा.

यातूनच ती नेहमीची तक्रारही सुटते: "बोर्ड घाटावर दुरुस्तीला पाठवला, तिथे आठवडाभर चांगला चालला, दोष नाही म्हणून परत आला, आणि इथे आल्यावर पुन्हा तेच." दुरुस्ती करणाऱ्याने खोटं सांगितलेलं नसतं. कोरड्या हवेत दोष खरोखरच दिसत नाही.

गळती मोजायची कशी

सेलचं व्होल्टेज मोजून काही कळत नाही. या लिथियम सेलचं व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत ३ च्या आसपास राहतं आणि मग झपाट्याने पडतं. २.९ दाखवणारा सेल अर्धा रिकामा असू शकतो. मोजायला हवा तो प्रवाह.

आधी बायोसच्या सगळ्या पानांचे मोबाइलने फोटो काढा, कारण या मोजणीत सेटिंग जाऊ शकतं. मशीनची वीज पूर्ण काढा. घरट्यात सेल असतानाच त्याची वरची धन बाजू आणि वरची पट्टी यांच्यामध्ये पातळ प्लास्टिकची चकती सरकवा. मल्टिमीटर २०० मायक्रोअँपिअरवर ठेवा, लाल टोक सेलच्या वरच्या बाजूला, काळं पट्टीला. पहिले काही क्षण आकडा मोठा दिसेल, तो स्थिरावू द्या. १० च्या आत असेल तर ठीक. ३०, ५०, १०० दिसत असेल तर गुन्हेगार सापडला. एक सावधगिरी: घरट्याच्या धन पट्टीपासून पुढे बोर्डावर होणारी गळती अशी मोजता येते, पण सेलच्या कडेवरून थेट खालच्या टोकाकडे होणारी गळती मीटरमधून जातच नाही. म्हणून सेल काढून त्याची कड आणि घरट्याचा तळ डोळ्यांनीही बघा. पांढरी भुकटी किंवा हिरवट डाग दिसला तर आकडा कितीही चांगला असो, साफ करा. काही बोर्डांत सेल तारेने लोंबत असतो आणि त्यावर काळी नळी चढवलेली असते. त्या नळीच्या आत ओल साचते, तिथेही बघा.

ही मोजणी पावसाळी दिवशी, मशीन रात्रभर बंद राहिल्यावर करा. उन्हाळ्यात दुपारी केलीत तर आकडा सुरेख येईल आणि फसाल. कोरड्या दिवसातच करायची वेळ आली, किंवा बोर्ड घाटावर पाठवणार असाल, तर झाकणाच्या प्लास्टिकच्या पेटीत बोर्ड आणि शेजारी ओलं फडकं ठेवून, एकमेकांना न लागता, रात्रभर बंद करा आणि सकाळी बाहेर काढताच मोजा. दुरुस्ती करणाऱ्याला ही चाचणी आवर्जून सांगा. त्यानंतर बोर्ड पूर्ण वाळल्याशिवाय त्याला वीज देऊ नका.

घड्याळ मागे पडायला लागणं ही याच रोगाची आधीची खूण असू शकते. घड्याळाचा स्फटिक ३२.७६८ किलोहर्ट्झवर चालतो आणि त्याच्या पायांमध्ये ओल शिरली की तो अडखळतो. नोंदींमधली वेळ दर महिन्याला सरकत असेल तर सेटिंग उडायची वाट न बघता बोर्ड बाहेर काढा.

साफ करताना एक गोष्ट बहुतेकांची राहते

बोर्ड साफ करायचा म्हटलं की सगळे आयसोप्रोपिल अल्कोहोल घेतात. पण मीठ अल्कोहोलमध्ये जवळजवळ विरघळत नाही. नुसत्या अल्कोहोलने घासलं तर मीठ एका जागेवरून दुसरीकडे पसरतं, बोर्ड चकाचक दिसतो आणि गळती तशीच राहते. मिठाला पाणी लागतं. गाडीच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी घ्या, नळाचं किंवा विहिरीचं नको. सेल काढून ठेवा, बोर्ड पॅनेलमधून पूर्ण बाहेर काढा, मऊ ब्रशने घरटं, जंपर, स्फटिक आणि डायोडचा भाग दोन-तीनदा धुवा, बोर्डाची खालची बाजूही. पाणी टिपून घ्या. त्यानंतर ९९ टक्क्यांचं अल्कोहोल ओता, ते उरलेलं पाणी आपल्याबरोबर घेऊन जातं. मग हेअर ड्रायर मंद ठेवून, किंवा गरम कोरड्या जागी काही तास, पूर्ण वाळवा. गंज सोडवायचे तेलकट स्प्रे इथे नकोत, त्यांचा थर धूळ आणि मीठ धरून ठेवतो.

पुन्हा मोजा. आकडा ५-६ वर आला की काम झालं. स्वच्छ, कोरडा बोर्डही ३० च्या खाली येत नसेल, तर दोष भागांमध्ये आहे. सेलच्या वाटेवर तीन पायांचा एक छोटा डायोड असतो, बऱ्याच बोर्डांवर बीएटी५४सी. पाय काळे पडले असतील तर तो आणि त्याच्या शेजारचा सिरॅमिक कपॅसिटर बदलून घ्या. हे काम चांगल्या सोल्डरिंगवाल्याचं आहे, जाड टोकाच्या सोल्डरिंग आयर्नने करू नका.

आकडा उतरल्यावर अ‍ॅक्रिलिक कोटिंगचा पातळ हात द्या. घरट्याच्या पट्ट्या, जंपरच्या पिना, रॅमचा स्लॉट, कॉम्पॅक्ट फ्लॅशचा स्लॉट आणि सगळे कनेक्टर आधी टेपने झाका. आत मीठ ठेवून वरून कोटिंग दिलं तर ते मीठ कायमचं आत राहतं, म्हणून मोजल्याशिवाय कोटिंग नको.

सेटिंग पुन्हा लावताना सोबत हेही बघा

सीमॉस गेलं की डिस्प्लेबरोबर बाकीचंही जातं आणि ते पडदा आल्यावर लक्षात येतं. तारीख दुरुस्त करा, नाहीतर शीतगृहाच्या तापमानाच्या नोंदी भलत्याच वर्षात जातील आणि माल पाठवताना अडचण होईल. "हॉल्ट ऑन" मध्ये "नो एरर्स" लावा, नाहीतर कीबोर्ड नसलेलं मशीन एफ १ ची वाट बघत थांबून राहतं. वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याचं सेटिंग लावा. डिस्कचा मोड आधी आयडीई होता की एएचसीआय, हे फोटोत बघून तसाच ठेवा. तो बदलला तर विंडोज एक्सपी निळ्या पडद्यावर थांबतं आणि लोकांना डिस्क गेली असं वाटतं.

काही बायोसमध्ये आपलं सेटिंग "यूझर डिफॉल्ट" म्हणून फ्लॅशमध्ये जतन करता येतं. असेल तर जरूर करा, पण सेल गेल्यावर प्रत्येक बोर्ड स्वतःहून तेच उचलतो असं नाही. वीज काढून, सेल काढून, थोड्या वेळाने परत लावून खात्री करून घ्या. तुमच्याकडे एकसारखे अनेक बोर्ड असतील तर पुरवठादाराला विचारा. औद्योगिक बोर्ड बनवणारे पॅनलचा प्रकार मुळातच भरलेला बायोस मागणीनुसार देतात, आणि तसा मिळाला तर सेल संपला तरी पडदा जात नाही.

मे अखेरीस काय करावं

जमत असेल तर बंदीच्या काळात मशीन बंदच करू नका. असा संगणक फार वीज खात नाही, आणि स्वतःच्या उबेने कोरडा राहतो. ते शक्य नसेल तर पॅनेलमध्ये १५ ते २५ वॅटचा स्पेस हीटर बसवा आणि त्याची वीज मुख्य स्विचच्या आधीच्या बाजूने घ्या, म्हणजे कारखाना बंद करताना तो बंद होणार नाही. दाराचं रबर, केबलची रिकामी भोकं तपासा. सिलिका जेलच्या पुड्या फक्त घट्ट बंद होणाऱ्या पेटीत कामाच्या, उघड्या भोकांच्या पेटीत त्या काही दिवसांत भरून जातात.

आणि बायोसच्या पानांचे ते फोटो छापून, प्लास्टिकमध्ये घालून दाराच्या आतल्या बाजूला लावा. पॅनलचं मॉडेल, बिट, चॅनल, व्होल्टेजच्या जंपरची जागा, सेल बदलल्याची तारीख आणि त्या दिवशी मोजलेले मायक्रोअँपिअर, हे त्याच कागदावर पेनने लिहा. पुढच्या जूनमध्ये मोजलेला आकडा त्याच्याखाली लिहिता येईल एवढी जागा सोडा.